पत्त्याचे दप्तर आणि नावाचे दप्तर

थिन क्लायंट सुरू होताना त्याला दोन गोष्टी दुसऱ्याला विचाराव्या लागतात: आपला पत्ता कोणता, आणि ज्यांच्याशी बोलायचे त्यांचे पत्ते कोणते. त्याच्याकडे डिस्कच नसल्याने यातले काहीही त्याने लिहून ठेवलेले नसते. पहिल्या प्रश्नाचे उत्तर डीएचसीपी देते, दुसऱ्याचे डीएनएस. ही दोन्ही कामे आज बहुधा एकाच सर्व्हरवर चालतात, म्हणून ती एकाच यंत्रणेचे दोन भाग वाटतात. प्रत्यक्षात त्यांचा जन्म दहा वर्षांच्या अंतराने झाला. ठिकाणे वेगळी, माणसे वेगळी, आणि सोडवायच्या अडचणीही वेगळ्या. एकाच जमिनीचा सातबारा तलाठ्याकडे आणि मोजणीचा नकाशा भूमी अभिलेख कार्यालयात असावा, तशी ही दोन दप्तरे आहेत. नोंदी जुळत असतात तोवर कोणाला काही जाणवत नाही. जुळल्या नाहीत की चूक कोणत्या दप्तरात आहे हे शोधण्यात दिवस जातो. थिन क्लायंट सर्व्हरवरचे सर्वांत चिवट बिघाड या न जुळण्यातून येतात.

नावांचे दप्तर आधी तयार झाले. आर्पानेट १९६९ मध्ये चार ठिकाणांवरून सुरू झाले तेव्हा प्रत्येक ठिकाणी दुसऱ्यांच्या नावांची स्वतंत्र यादी असे, आणि या याद्या एकमेकींशी जुळत नसत. सर्वांसाठी एकच अधिकृत यादी ठेवावी असे एल. पीटर डॉइच यांनी डिसेंबर १९७३ मध्ये आरएफसी ६०६ या टिपणात सुचवले, आणि पुढच्याच महिन्यात आरएफसी ६०८ निघाले. यादी ठेवण्याचे काम कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क येथील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या माहिती केंद्राकडे आले. एलिझाबेथ फाइनलर या केंद्राच्या प्रमुख होत्या. नवा संगणक जोडला की त्याचे नाव आणि पत्ता केंद्राला कळवायचा, तिथली माणसे तो ‘होस्ट्स.टीएक्सटी’ या फाइलमध्ये घालणार, आणि मग प्रत्येक ठिकाणचा प्रशासक ती फाइल उतरवून घेणार, अशी रीत होती. नाव २४ अक्षरांपेक्षा लांब चालत नसे.

१ जानेवारी १९८३ रोजी आर्पानेट टीसीपी-आयपीवर गेले. तोवर ही रीत मोडकळीला आली होती. शेकडो संगणकांसाठी एक फाइल, ती रोज बदलणारी, आणि सगळ्यांनी ती एकाच ठिकाणाहून न्यायची. फाइल उतरेपर्यंत ती जुनी झालेली असे. दोन ठिकाणांनी एकच नाव मागितले तर निवाडा केंद्राने करायचा. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या माहितीशास्त्र संस्थेत जॉन पोस्टेल यांनी या प्रश्नाचा विचार पॉल मोकापेट्रिस यांच्यावर सोपवला, आणि नोव्हेंबर १९८३ मध्ये आरएफसी ८८२ व ८८३ यांतून डीएनएस मांडले गेले. कल्पनेचा गाभा साधा होता: यादीचे तुकडे करावेत, प्रत्येक तुकडा ज्याचा त्याने सांभाळावा, आणि विचारणाऱ्याला योग्य तुकड्याकडे पाठवण्याची सोय असावी. उत्तर काही काळ जवळ ठेवण्याची मुभा विचारणाऱ्याला मिळाली. डीएनएसचा सगळा वेग या मुभेवर उभा आहे, आणि त्याचे पुष्कळसे दुखणेही तिथलेच आहे.

मोकापेट्रिस यांनी स्वतः लिहिलेल्या पहिल्या नेम सर्व्हरचे नाव जीव्ह्ज होते. युनिक्ससाठी बाइंड हा सर्व्हर बर्कली विद्यापीठात डग्लस टेरी, मार्क पेंटर, डेव्हिड रिगल आणि सोंगनियान झोऊ या विद्यार्थ्यांनी लिहिला. १९८७ मध्ये आलेले आरएफसी १०३४ आणि १०३५ आजही पायाभूत मानले जातात. भारताचे ‘.इन’ हे क्षेत्र १९८९ मध्ये मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे सोपवले गेले, आणि २००५ मध्ये निक्सी या संस्थेने ती नोंदणी सर्वांसाठी खुली करेपर्यंत देशाचे नावांचे दप्तर मुंबईतच होते.

पत्त्यांची गोष्ट वेगळ्या गरजेतून सुरू झाली. ऐंशीच्या दशकात डिस्क महाग होती आणि इथरनेट नुकते हाताशी आले होते. मग प्रत्येक संगणकाला डिस्क कशाला, एका सर्व्हरची डिस्क सगळ्यांनी वापरावी, हा विचार विद्यापीठांत आणि सन मायक्रोसिस्टिम्ससारख्या कंपन्यांत रुजला. अडचण सुरुवातीलाच येई. बिनडिस्कच्या संगणकाला नेटवर्क कार्डात कोरलेला हार्डवेअर क्रमांक माहीत असे, पण आयपी पत्ता माहीत नसे. आणि पत्त्याशिवाय सर्व्हरकडे फाइल मागता येत नसे. स्टॅनफर्डमध्ये फिनलेसन, मान, मोगुल आणि थीमर या चौघांनी जून १९८४ मध्ये आरएआरपी हा उपाय मांडला. संगणकाने आपला हार्डवेअर क्रमांक सगळ्यांना ऐकू जाईल असा पुकारायचा आणि सर्व्हरने नोंदवहीत पाहून पत्ता सांगायचा.

सनच्या बिनडिस्क यंत्रांत पुढची पायरी अशी असे: मिळालेला पत्ता सोळाच्या पायावरील आकड्यांत मांडायचा आणि त्या नावाची फाइल टीएफटीपी या फाइल पाठवण्याच्या साध्या प्रोटोकॉलने मागायची. पत्ता १९२.९.२००.१ असेल तर फाइलचे नाव सी००९सी८०१. यंत्र सुरू होत नाही अशी तक्रार आली की प्रशासक हे रूपांतर हातांनी करून पाही, कारण एका अंकाची चूक झाली की सर्व्हरवर फाइल असूनही ‘फाइल सापडत नाही’ हेच उत्तर येई. ही पद्धत सनबरोबर संपली नाही. पुढे पीएक्सई-लिनक्स या बूट प्रोग्रॅमनेही आपली संरचना फाइल याच रीतीने शोधली: आधी पूर्ण पत्त्याच्या नावाने, नंतर शेवटचा एकेक अंक गाळत, आणि शेवटी ‘डिफॉल्ट’ या नावाने. आजही टीएफटीपीच्या लॉगमध्ये एकामागोमाग आठ-दहा फसलेल्या मागण्या दिसतात तेव्हा बिघाड झालेला नसतो; ती या जुन्या शोधाची पावले असतात.

आरएआरपीत दोन उणिवा होत्या. ते इथरनेटच्या थराच्या वर जात नसे, म्हणून राउटरच्या पलीकडे पुकारा पोचत नसे आणि केबलच्या प्रत्येक तुकड्यावर वेगळा सर्व्हर ठेवावा लागे. शिवाय ते फक्त पत्ता देई. पुढे कुठे जायचे ते सांगत नसे. स्टॅनफर्डचे बिल क्रॉफ्ट आणि सनचे जॉन गिलमोर यांनी सप्टेंबर १९८५ मध्ये बूटपी मांडले. हा प्रोटोकॉल यूडीपीवर चाले, त्यासाठी ६७ आणि ६८ हे पोर्ट ठरले, आणि राउटरवर बसवलेला रिले मागणी पुढे नेऊ शकत असे. उत्तरात पत्त्याबरोबर बूट सर्व्हरचा पत्ता आणि फाइलचे नावही येई. पॅकेटच्या शेवटी ६४ बाइट्सची मोकळी जागा होती.

त्या मोकळ्या जागेचे काय करायचे हे फेब्रुवारी १९८८ मध्ये आरएफसी १०४८ ने ठरवले. सुरुवातीला ९९, १३०, ८३, ९९ हे चार ओळखीचे आकडे, आणि त्यानंतर क्रमांक दिलेली कलमे: पहिले सबनेट मास्क, तिसरे गेटवे, सहावे डोमेन नेम सर्व्हर. दोन दप्तरे एकमेकांना प्रथम इथे जोडली गेली, ती एवढ्या एका कलमाने. पत्ता देणारा जाता जाता सांगू लागला की नावे अमुक ठिकाणी विचारा. तिथे सांगितलेला सर्व्हर चालू आहे का, त्याला या नव्या यंत्राचे नाव माहीत आहे का, हे तपासण्याची जबाबदारी कोणावरच टाकली गेली नाही. पुढच्या सगळ्या घोळाचे बीज या सहाव्या कलमात आहे असे म्हणायला हरकत नाही.

बूटपीची नोंदवही हातांनी लिहायची असे. प्रत्येक यंत्राला एक ओळ. यंत्रे जागच्या जागी होती तोवर ते निभावले. यंत्रे वाढली, फिरती झाली, आणि प्रत्येकासाठी कायमचा पत्ता राखून ठेवणे परवडेनासे झाले. पेनसिल्व्हेनियातील बकनेल विद्यापीठाचे राल्फ ड्रोम्स यांनी ऑक्टोबर १९९३ मध्ये आरएफसी १५३१ मधून डीएचसीपी मांडले. त्या मजकुरात संपादनाच्या चुका राहिल्याने त्याच महिन्यात ते आरएफसी १५४१ म्हणून पुन्हा काढावे लागले. मार्च १९९७ चे आरएफसी २१३१ हे त्याचे स्थिरावलेले रूप. ड्रोम्स यांनी बूटपीचे पॅकेट, पोर्ट आणि ते चार ओळखीचे आकडेसुद्धा तसेच ठेवले, म्हणून जुने रिले नव्या प्रोटोकॉललाही चालले. नवी गोष्ट होती ती मुदतीची. पत्ता आता भाडेपट्ट्याने मिळू लागला: निम्मी मुदत संपली की यंत्र नूतनीकरण मागते, आठांपैकी सात भाग संपेपर्यंत जमले नाही तर दिसेल त्या सर्व्हरकडे मागते, आणि तेही फसले तर पत्ता सोडते.

पत्ता बदलता झाला आणि नावांचे दप्तर मात्र हातांनी लिहिलेलेच राहिले. डीएनएसमध्ये आपोआप नोंद घालण्याची पद्धत एप्रिल १९९७ च्या आरएफसी २१३६ मध्ये आली, पण ती बसवायची तर दोन्ही सर्व्हरांमध्ये किल्ली, परवानग्या आणि नोंदीची मालकी ठरवावी लागे. लहान संस्थांनी सोपी वाट धरली: वाटपात असलेल्या प्रत्येक पत्त्याला आधीच एक नाव देऊन टाकायचे, यंत्र कोणतेही येवो. थिन क्लायंटच्या खोल्यांतून ‘डब्ल्यूएस००१’, ‘डब्ल्यूएस००२’ अशी नावे दिसतात ती या सोयीमुळे.

दरम्यान बिनडिस्क यंत्राचे रूप बदलत गेले. १९८८-८९ च्या सुमारास एक्स टर्मिनले आली. त्यांच्यावर फक्त एक्स विंडोचा पडदा चाले आणि लॉगिनचा चौकोन एक्सडीएमसीपी या प्रोटोकॉलने सर्व्हरकडून येई. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ओरॅकल आणि सन यांनी ‘नेटवर्क कॉम्प्युटर’चा मोठा गाजावाजा केला, पण स्वस्त होत गेलेल्या पीसीपुढे तो टिकला नाही. त्या काळातून उरलेली खरी उपयोगी वस्तू म्हणजे इंटेलचे पीएक्सई. त्याने नेटवर्कवरून बूट होण्याची क्षमता साध्या पीसीच्या नेटवर्क कार्डात आणून ठेवली.

१९९९ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या जिम मॅकक्विलन यांनी लिनक्स टर्मिनल सर्व्हर प्रोजेक्ट, म्हणजे एलटीएसपी, सुरू केला आणि थिन क्लायंट शाळांच्या आवाक्यात आला. टाकून दिलेला पीसी, त्यात इथरबूटची फ्लॉपी, आणि एक बऱ्यापैकी सर्व्हर, एवढ्यावर संगणक कक्ष उभा राही. ओरेगॉनमधील पोर्टलंडच्या परिसरातील शिक्षकांनी त्यावरून के-१२ एलटीएसपी बांधले, नॉर्वेत २००१ पासून स्कोलेलिनक्स उभे राहिले. शिक्षकच प्रशासक झाले. नेटवर्कचे बिघाड शोधण्याची जी विद्या विद्यापीठांच्या संगणक केंद्रांपुरती होती, ती इथे प्रथमच मोठ्या प्रमाणावर साध्या माणसांच्या हाती आली, आणि ती त्यांनी एकमेकांना शिकवली. संगणकाच्या इतिहासात याची नोंद फारशी घेतली जात नाही. ती घ्यायला हवी.

जुन्या एलटीएसपी सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डे असत. एक बाहेरच्या जगाकडे, दुसरे क्लायंटांकडे. दुसऱ्याचा पत्ता प्रथेने १९२.१६८.०.२५४. क्लायंट सुरू झाला की पडद्यावर डीएचसीपी सर्व्हर शोधत असल्याची ओळ येई आणि पुढे ठिपके उमटत राहत. ठिपके थांबले नाहीत तर पहिला संशय केबल आणि स्विचवर. त्यातही स्विचचा एक दोष फसवा होता: नेटवर्कमध्ये फेरा तयार होऊ नये म्हणून स्पॅनिंग ट्री चालवणारा स्विच नव्याने जागे झालेले पोर्ट सुमारे ३० सेकंद बंद ठेवी, आणि तेवढ्यात क्लायंट मागून मागून थकून जाई. केबल चांगली, सर्व्हर चांगला, तरी पत्ता नाही. त्या पोर्टवर ही प्रतीक्षा बंद केली की काम होई.

दुसरा संशय सर्व्हरवर. आयएससीच्या डीएचसीपी सर्व्हरच्या लॉगमध्ये ‘ईटीएच० साठी सबनेटची घोषणा नाही’ अशा अर्थाची ओळ सापडली, तर कार्डाचा पत्ता आणि संरचना फाइलमधला सबनेट यांचा मेळ नाही हे उघड. कर्नल बदलल्यावर दोन कार्डांची नावे आपसांत बदलत, तेव्हा हा मेळ हमखास बिघडे. याहून वाईट म्हणजे सर्व्हर चुकून बाहेरच्या कार्डावर पत्ते वाटू लागे आणि सगळ्या संस्थेतली यंत्रे इंटरनेटला मुकत. उलटही घडे: कोणीतरी लावलेला घरगुती राउटर क्लायंटांच्या बाजूला येऊन आधी उत्तर देई. डीएचसीपीत बहुधा पहिले उत्तर जिंकते. उत्तर देणारा अधिकृत आहे का हे क्लायंट पाहत नाही.

पीएक्सईने या पायऱ्यांना क्रमांक दिले, आणि त्याने शोध पुष्कळ सोपा झाला. ई-५१ म्हणजे डीएचसीपीचे उत्तरच नाही. ई-५३ म्हणजे पत्ता मिळाला, पण बूट फाइलचे नाव नाही. ई-३२ म्हणजे नाव मिळाले, पण टीएफटीपी सर्व्हर बोलत नाही. यात ‘नेक्स्ट-सर्व्हर’ हे कलम चुकलेले असण्याचा संभव मोठा, कारण ते लिहिले नाही तर क्लायंट भलत्याच यंत्राकडे फाइल मागतो. पत्ता, फाइल, मग एनएफएसने सर्व्हरच्या डिस्कवरून मिळणारी मूळ डिरेक्टरी, मग नावे, मग पडदा: बिघाड शोधण्याचा हा क्रम यंत्राच्या सुरू होण्याचा क्रम आहे, आणि ढोबळपणे आरएआरपीपासूनच्या इतिहासाचाही.

नावांचा बिघाड सर्वांत उशिरा आणि सर्वांत फसव्या रूपात दिसे. क्लायंट पूर्ण सुरू होई, पडद्यावर एक्सची राखाडी विणीची पार्श्वभूमी येई, मधोमध फुलीच्या आकाराचा मोठा कर्सर, आणि पुढे काहीच नाही. माऊस हलवला की फुली हले. लॉगिनचा चौकोन मात्र येत नसे. पत्ता मिळाला आहे, कर्नल उतरला आहे, फाइली उघडल्या आहेत, मग दोष कुठला? पुष्कळदा तो असा असे: लॉगिन देणारा कार्यक्रम क्लायंटच्या पत्त्यावरून त्याचे नाव शोधी, ते डीएनएसमध्येही नसे आणि सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्येही नसे, आणि सर्व्हर त्याला दारात उभे करून ठेवी. होस्ट्स फाइलमध्ये पत्ता आणि नाव यांची एक ओळ घातली की चौकोन उमटे. १९७४ ची यादी २००० साली अशी कामी येत होती. पत्त्यावरून नाव सापडत नसल्याने एनएफएसची जोडणी रेंगाळे, एसएसएच मिनिटभर थांबे. या सगळ्या तक्रारी ‘सर्व्हर हळू चालतो’ या एका वाक्यात येत.

सर्व्हरचे स्वतःचे नावांचे दप्तरही सुरक्षित नसे. त्याचे बाहेरचे कार्ड बहुधा इंटरनेट सेवेकडून डीएचसीपीनेच पत्ता घेई, आणि त्या उत्तरातले सहावे कलम ‘रिझॉल्व्ह.कॉन्फ’ ही फाइल गुपचूप पुन्हा लिही. काल चालणारी स्थानिक नावे आज बंद, आणि कोणी कशालाही हात लावलेला नाही. झोन फाइलमधल्या चुका तर ठरलेल्याच: बदल केला पण अनुक्रमांक वाढवला नाही, म्हणून दुय्यम सर्व्हर जुनेच सांगतो, पूर्ण नावाच्या शेवटचा टिंब राहिला, म्हणून क्षेत्राचे नाव दोनदा जोडले जाते. या चुका इतक्या सार्वत्रिक होत्या की फेब्रुवारी १९९६ मध्ये डेव्हिड बार यांनी त्यांच्यावर आरएफसी १९१२ हे स्वतंत्र टिपण लिहिले. त्याआधी १९९२ मध्ये डॅन्झिग, ओब्राच्का आणि कुमार यांनी दाखवले होते की डीएनएसची वाहतूक आवश्यकतेच्या वीसपट आहे, आणि त्याचे कारण सदोष सॉफ्टवेअर.

शोधण्याची हत्यारे अशाच गरजेतून आली. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये पिंग लिहिले, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत १९८८ मध्ये टीसीपीडम्प तयार झाले, डीएनएससाठी डिग आले. पिंग पत्त्याने लागते आणि नावाने लागत नाही, तर दोष नावांच्या दप्तरात. हा निवाडा आजही पहिला. टीसीपीडम्पने ६७ आणि ६८ पोर्टवर पाहिले की क्लायंटची हाक सर्व्हरपर्यंत पोचते का, आणि उत्तर कोणत्या यंत्राकडून जाते, हे डोळ्यांनी दिसते. मग अंदाजाची गरज राहत नाही.

दोन्ही दप्तरे एकत्र आणण्याचा सर्वांत समंजस प्रयत्न ब्रिटनच्या सायमन केली यांनी केला. त्यांच्या डीएनएसमास्कमध्ये पत्ता वाटणारा आणि नाव सांगणारा कार्यक्रम एकच असतो. भाड्याने दिलेला पत्ता त्याच क्षणी नावाने सापडू लागतो, आणि टीएफटीपीही त्यातच मिळते. लहान नेटवर्कसाठी हेच रूप आधी यायला हवे होते. २०१९ मध्ये अल्किस जॉर्जोपुलोस यांच्या पुढाकाराने एलटीएसपी नव्याने लिहिले गेले तेव्हा त्यांनी डीएनएसमास्कच निवडले. त्यात प्रॉक्सी-डीएचसीपीची सोय आहे: पत्ते शाळेचा राउटर पूर्वीसारखेच वाटतो, आणि सर्व्हर फक्त बूटची माहिती पुरवतो. दोन डीएचसीपी सर्व्हरांचे जुने भांडण त्याने मिटले.

तरीही सांधा पूर्ण बुजलेला नाही. उबुंटूच्या १८.०४ आवृत्तीत सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड हा कार्यक्रम १२७.०.०.५३ या पत्त्यावर ५३ क्रमांकाचे पोर्ट धरून बसतो आणि सर्व पत्त्यांवर ऐकू पाहणारे डीएनएसमास्क सुरू होत नाही. ज्या कार्यालयांनी आपल्या अंतर्गत क्षेत्राला ‘.लोकल’ हे नाव दिले होते, त्यांच्याकडे २०१३ मध्ये आरएफसी ६७६२ ने ते नाव मल्टिकास्ट डीएनएससाठी राखून ठेवल्याचा फटका दिसतो: लिनक्स क्लायंट त्या नावासाठी डीएनएस सर्व्हरला विचारतच नाही. स्कोलेलिनक्सने सुरुवातीपासून ‘.इंटर्न’ वापरले, म्हणून तिथे हा प्रश्न आला नाही. २०१८ च्या आरएफसी ८४८४ ने डीएनएस एचटीटीपीएसवरून नेण्याची वाट उघडली, आणि ब्राउझर आता सर्व्हरला वळसा घालून थेट बाहेर नाव विचारू शकतो. मग पिंग नावाने लागते, पण शाळेचे अंतर्गत पान ब्राउझरमध्ये उघडत नाही. फायरफॉक्ससाठी त्यावर उतारा आहे: ‘यूज-ॲप्लिकेशन-डीएनएस.नेट’ हे नाव अस्तित्वात नाही असे स्थानिक सर्व्हरने सांगितले की ब्राउझर ही आपोआप चालू झालेली वाट सोडून स्थानिक सर्व्हरकडे परत येतो. वापरणाऱ्याने ती वाट स्वतः चालू केली असेल तर मात्र हा उतारा लागू पडत नाही. ती सेटिंग क्लायंटच्या प्रतिमेतच बंद करावी लागते.